चार बोटं ढिली

सेलूच्या कापडबाजारात मन्मथअप्पांच्या दुकानाला पाटी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. अप्पा गादीवर बसून बोलायला लागले की पार कापसाच्या जिनिंगपर्यंत ऐकू जायचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि मांडीशी कापड मोजायचा लोखंडी गज. गिऱ्हाइकाला कापड मोजून झालं की कात्री लावायच्या आधी ते चार बोटं पुढं सरकायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, कापड धुतल्यावर आटतंय, माणूस जेवल्यावर सुटतोय, मग चार बोटं सोडायला नकोत का?

घरातही हाच कायदा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा लिंगराज. त्याचे सगळे सदरे वाढत्या अंगाचे शिवले जात. सदरा अंगाला नीट बसायचा तो बरोबर ज्या महिन्यात विरून फाटायचा त्या महिन्यात. शाळेत आम्ही त्याला बुजगावणं म्हणायचो. तोही हसायचा, कारण आरशात त्यालाही तेच दिसत होतं.

मी माधव. त्याचा वर्गमित्र, शाळामास्तरांचा मुलगा. माझी गाडी मॅट्रिकपाशी थांबली. लिंगराज मात्र हैदराबादला गेला, सगळे विषय उर्दूतून शिकला आणि १९३७ साली, म्हणजे तेव्हाच्या आमच्या हिशेबानं फसली तेराशे सेहेचाळीसात, बी. ए. होऊन परतला. आमच्या बाजारातला पहिला बी. ए. अप्पांनी स्टेशनवर हलगी लावली होती. गाडीतून आधी ट्रंक उतरली, मग वळकटी, आणि मग या दोहोंपेक्षा बारीक असा लिंगराज उतरला. चार वर्षं हैदराबादचं खाऊन हा माणूस तसूभर सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या सवयीनं दुकानात गेला. वालूरची एक बाई लुगडं बघत होती. लिंगराजनं तिला दोन शब्दांत काठाचा रंग जाणार की टिकणार ते सांगितलं, बाईनं मान डोलावली, आणि यानं गजाकडं हात नेला. अप्पांनी गज चटकन मांडीखाली ओढला.

"बी. ए.च्या हातात गज? लोक काय म्हणतील मला? तू आता साहेब होयचं. जा, घरात बसून अर्ज लिही."

लिंगराज घरात गेला. मी तिथंच होतो. त्याचा चेहरा मी पाहिला. या पोराला दहाव्या वर्षी डोळे बांधून कापडाचा तुकडा हातात दिला तर तो मांजरपाट की लट्ठा हे सांगायचा. सुट्टीत हैदराबादहून आला की पहिल्यांदा ताक्यांचा वास घ्यायचा, मग चन्नबसम्मांच्या पाया पडायचा. त्या त्याच्या आई, पण तक्रार करत नसत. त्याला दुकान हवं होतं. त्याला दुसरं काहीच नको होतं. पण अप्पांनी चार वर्षं बाजारात येईल त्याला, न विचारता, पोरगं साहेब होणार असं सांगून ठेवलं होतं. आता बापाचं तोंड बाजारात पाडायचं कसं, हा खरा पेच होता आणि तो हैदराबादेत कुणी शिकवला नव्हता.

साहेब व्हायचं तर मुलाखत, आणि निजामाच्या राज्यात मुलाखत म्हणजे शेरवानी. धोतर-सदऱ्यावर कचेरीची पायरी चढलेला उमेदवार पायरीवरूनच परत यायचा. अप्पांनी दुकानातला सगळ्यात चांगला काळा अलपाका काढला आणि आश्रुबा शिंप्याला बोलावलं. आश्रुबानं माप घेतलं. ते घेताना त्याला टेपेचं बरंच टोक हातात गुंडाळून धरावं लागलं.

"आश्रुबा, चार बोटं ढिली ठेव," अप्पा म्हणाले. "नोकरी लागली की अंगात भरंल त्यो."

आश्रुबानं अप्पांची चार बोटं पाहिली. अप्पांची चार बोटं म्हणजे इतरांची सहा. त्यानं ती छातीला सोडली, कमरेला सोडली, खांद्याला सोडली आणि बाह्यांनाही सोडली. शेरवानी अशी देखणी झाली की बाजार बघायला आला. फक्त लिंगराजनं ती घातली की तो आत कुठं आहे ते शोधावं लागायचं.

औरंगाबादच्या पहिल्या मुलाखतीत साहेब म्हणाले की वडील बाहेर उभे असतील तर त्यांची शेरवानी त्यांना देऊन या. दुसऱ्या मुलाखतीत सही करताना बाहीनं दौत आडवी केली. आश्रुबाला दया आली. त्यानं आतून कच्चे टाके मारून शेरवानी आवळून दिली, तर अप्पांनी लिंगराज घरातून निघतानाच ते टाके हेरले आणि चन्नबसम्मांकडून सुई मागवून स्वतः उसवले. पोरगं अंगात भरायच्या आधीच त्याला आवळायला निघालात का, म्हणून आश्रुबाला बाजारभर ऐकू जाईल असं सुनावलं. अप्पांच्या मनात ती शेरवानी म्हणजे शेरवानी नव्हतीच. ती पोराची पुढची वीस वर्षं होती. ती आत घ्यायची म्हणजे पोराचं भवितव्यच आत घेतल्यासारखं त्यांना वाटत असावं.

पण एक झालं. शेरवानी मोठी होती म्हणून ती कुणालाही यायची. सेलूत नोकरी शोधणारे तेव्हा आम्ही पाच-सहा जण होतो आणि शेरवानी ही एवढीच. बन्सीधर लठ्ठ होता, त्याला ती जशीच्या तशी बसली. तो ती घालून रेल्वेत बुकिंगला लागला. बोरीचा मुंजाजी उंच आणि रुंद, त्याला ती मापून शिवल्यासारखी झाली. तो पटवारी झाला. ज्यांना ढिली व्हायची त्यांच्यासाठी आश्रुबा कच्चे टाके मारायचा आणि परत आल्यावर उसवायचा. दुसऱ्यांच्या पोरांना आवळायला अप्पांची हरकत नव्हती. खात्यापित्या घरचं पोरगं असो वा गरिबाचं, चन्नबसम्मा शेरवानी देताना आतल्या खिशात विभूतीची पुडी ठेवायच्या. मुंजाजीनं ती परत आणली तेव्हा खिशात विभूती नव्हती, भाजलेले हरभरे होते. लिंगराज ते खात मला म्हणाला की माझी शेरवानी नोकरीला लागली, आता माझंच राहिलं.

मग परभणीच्या एका कचेरीतून दोन पत्रं आली. कचेरीचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेलच. एक पत्र लिंगराजला, एक मला. एकच जागा, एकच दिवस, आणि शेरवानी एक. माझ्या घरी कोटसुद्धा नव्हता. मी म्हणालो, मी जात नाही. तर तो म्हणाला, वेडा की काय, नंबरानं घालू.

सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला उतरलो. कचेरीच्या व्हरांड्यात मी टाके मारलेली शेरवानी घालून आत गेलो, विचारलं तेवढं सांगितलं, बाहेर आलो. मग चाफ्याच्या झाडामागं उभं राहून लिंगराजनं दातांनी टाके तोडले, शेरवानी घातली, बाह्या मागं सारल्या आणि आत गेला. दाराला हिरवा पडदा होता. मी त्याच्या अलीकडं बाकावर बसलो, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

साहेबांचं नाव हमीदुद्दीन. पांढरी दाढी, आवाज सावकाश. पहिलं वाक्य त्यांनी टाकलं ते असं, "साहबजादे, ये शेरवानी तो अभी अंदर आके गई."

दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. लिंगराजनं सरळ सांगून टाकलं की शेरवानी माझी आहे, मघाचा माझा मित्र होता, त्याच्याकडं नाही म्हणून दोघांत घालतो. साहेबांना गंमत वाटली. मित्राला नीट बसते आणि मालकाला का नाही, असं त्यांनी विचारलं. मग यानं अप्पांची चार बोटं, आश्रुबाचे टाके, सगळं पुराण सांगितलं. साहेब हसले ते मला बाहेर ऐकू आलं. पुढं त्यांनी जमीन महसुलाचे प्रश्न विचारले, त्याची उत्तरं लिंगराजनं अशी दिली की माझी उत्तरं मलाच आठवून लाज वाटली. मी मनात म्हटलं, गेली जागा, आणि बरंच झालं, ज्याची शेरवानी त्यालाच नोकरी.

शेवटी साहेबांनी विचारलं की तुम्हाला काही विचारायचं आहे का. इथं शहाणा माणूस नाही म्हणतो आणि सलाम करून निघतो.

लिंगराज म्हणाला की साहेब, पडदा उलटा लावलाय. कापडाची उलटी बाजू बाहेर आहे, म्हणून तो विटल्यासारखा दिसतो.

शिपायाला बोलावणं गेलं. शिपायानं पडदा उलटून पाहिला, खरंच दुसऱ्या बाजूला रंग चकचकीत होता. कचेरीचं नाव मी सांगत नाही ते यासाठी. किती वर्षं तो पडदा तसा होता कुणास ठाऊक. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कापडवाल्याच्या पोराचा हात डोळ्यांच्या मागोमाग जातो. पडदा उलटल्यामुळं फट पडली होती आणि त्या फटीतून मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टेबलापलीकडून साहेबांनी कागद परत द्यायला हात पुढं केला, आणि लिंगराजनं कागद घ्यायच्या ऐवजी त्यांच्या कोटाची बाही अंगठा आणि बोटात धरून चोळली. गिऱ्हाइकाचं कापड बघताना अप्पा चोळतात तशी.

"साहेब, ही सर्ज तुमाला अस्सल लोकर म्हणून दिली का? यात सूत हाय."

शिपाई पडदा सोडून निघून गेला. साहेबांनी बाही सोडवून घेतली आणि आपण जाऊ शकता, एवढंच सांगितलं.

नोकरी मला लागली. बी. ए. घरी परतला आणि मॅट्रिक खुर्चीवर बसला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत लिंगराज आधी स्वतःच्या बोटांकडं बघून खूप हसला. मानवत रोडला गाडी थांबली तेव्हा त्यानं शेरवानी काढून घडी केली, मांडीवर ठेवली आणि मग हळू बोलला.

"माधवा, तुला खरं सांगतो. साहेबाची बाही चोळली ना, वर्षभरात तेवढाच क्षण मला बरं वाटलं. मला नोकरी नको रे. मला गज पायजे. पण अप्पाला हे मी सांगणार कसं? त्यांनी लय लोकांना सांगून ठेवलंय."

मी म्हणालो, मी सांगतो. त्यानं मला शपथ घातली. बाजारात बापाला मान खाली घालायला लावून मिळालेलं दुकान मला नको, असं त्याचं म्हणणं. मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत बसलो.

पुढचं वर्ष त्यानं घरात बसून काढलं. त्यातही स्वस्थ बसेल तो लिंगराज कुठला. लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा, साहेब काय विचारतील ते घोकून घ्यायचा, शेरवानीला ब्रश मारून द्यायचा. त्याच्या हाताखालून गेलेली तीन पोरं त्या वर्षात नोकरीला चिकटली. अप्पा ते ऐकायचे आणि ताक्यांच्या घड्या घालायला लागायचे. मी सुट्टीला गेलो की माझ्याशी ते पहिल्यासारखे बोलत नसत. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या पोराच्या खुर्चीवर मी बसलो होतो. पण अपराध्यासारखं मान खाली घालून चहा प्यायला कुणाला आवडतं? मला राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

एकोणचाळीसच्या वैशाखात हमीदुद्दीन साहेब दौऱ्यावर सेलूला निघाले आणि कारकून म्हणून मी सोबत होतो. वर्षभरात त्यांनी त्या मुलाखतीचा विषय एकदाही काढला नव्हता. पडदा मात्र दुसऱ्याच दिवशी सुलटा झाला होता. सेलूच्या डाक बंगल्यात सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला विचारलं की तुमच्या त्या शेरवानीवाल्या मित्राचं दुकान कुठं आहे.

साहेब दुकानाच्या पायरीशी आले आणि बाजार उठून उभा राहिला. अप्पा गादीवरून इतक्या घाईनं उठले की रुमाल खाली पडला. त्यांना वाटलं, हुकूम आला. सरकार स्वतः नोकरी द्यायला घरी आलं. त्यांनी साहेबांना बसवलं, सरबत सांगितलं आणि आत आवाज दिला की शेरवानी काढा. वैशाखातल्या भर अकरा वाजता, जेव्हा माणसाला अंगावरची बंडीसुद्धा नकोशी होते, तेव्हा लिंगराज गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी घालून बाहेर आला. चन्नबसम्मा दाराआडून बघत होत्या. विभूती यावेळी खिशात नव्हती, सरळ त्याच्या कपाळावर होती.

साहेबांनी त्याला बघितलं आणि त्यांच्या दाढीत हसू फुटलं. अजून भरला नाहीत, म्हणाले. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. मुलाखतीच्या त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी कोटाच्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. त्या धाग्याला कागद जळल्याचा वास आला. हैदराबादच्या मोठ्या दुकानातून घेतलेला कोट, तीन वर्षं घातलेला, आणि कचेरीत रोज कुणी ना कुणी त्याची तारीफ केलेली. आता त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या सगळ्यांना कापड हवं होतं आणि ते या मुलानं निवडून द्यावं म्हणून ते आले होते.

अप्पांचा चेहरा उतरला. हुकूम नव्हता. तरी त्यांनी सावरून घेतलं, ताके खाली काढायला लागले, एकामागून एक उलगडायला लागले. साहेब एकाही ताक्याकडं बघेनात. मुलाला दाखवू द्या, म्हणाले.

"सरकार, पोरगं बी. ए. हाय," अप्पा म्हणाले. "त्याला आमी कापडाला हात लावू देत न्हाई."

साहेबांनी सरबताचा पेला खाली ठेवला. माझ्याकडं बोट दाखवून त्यांनी अप्पांना सांगितलं की हा मुलगा मी कारकून म्हणून घेतला, कारण कचेरीत साहेबांचा कोट चांगला आहे म्हणणारी माणसं लागतात. याबद्दल मी आजही नाराज आहे, पण ते असो. पुढं ते म्हणाले की नोकरी मागायला आलेला माणूस तोंडावर सांगतो की तुमची फसवणूक झाली आहे, असा मी पस्तीस वर्षांच्या चाकरीत एकच पाहिला. असा माणूस माझ्या कचेरीत चार महिन्यांत वाया गेला असता. हे त्याला विद्यापीठात शिकवलेलं नाही. मग कुणी शिकवलं?

समोरचे, शेजारचे, पलीकडचे सगळे दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे होते. अप्पांनी एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा लिंगराजकडं. मग गादीवरचा गज उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुढं केला.

"घे."

लिंगराजनं हात पुढं केला, पण शेरवानीची बाही घसरून बोटांवर आली आणि गज धरता येईना. त्यानं बाही मागं ढकलली, ती परत आली. तेव्हा अप्पा उठले. ज्या शेरवानीला एक टाका घालू दिला नव्हता, ज्या बाह्यांसाठी आश्रुबाला बाजारासमोर झापलं होतं, त्या बाह्या त्यांनी स्वतःच्या हातानं दुमडल्या. आधी उजवी, मग डावी, पार कोपरापर्यंत. मग ते गादीच्या कडेला सरकून बसले आणि मधली जागा मोकळी केली.

लिंगराजनं तासभर कापड काढलं. जे चांगलं होतं ते चांगलं सांगितलं आणि जे नव्हतं ते अप्पांसमोर बाजूला ठेवलं. मोजून झालं, कात्री हातात घेतली आणि सवयीनं चार बोटं पुढं सरकला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते साहेबांच्या पिशव्या उचलण्यात लपवले.

त्यानंतर ते दुकान असं चाललं की अप्पांना ओरडायची गरज उरली नाही; सवय मात्र राहिली. लिंगराजनं शेरवानी दुकानातच खुंटीला टांगली. ज्याला मुलाखत असेल त्यानं न्यावी, अर्ज लिहून घ्यावा, टाके मारून घ्यावेत, फुकट. ज्याला नोकरी लागायची तो पहिल्या पगाराचं कापड दुसरीकडं कशाला घेईल? जिल्ह्यातल्या कचेऱ्या, शाळा, स्टेशनं, सगळीकडं त्याची गिऱ्हाइकं बसली होती. यानं हा धंद्याचा डाव म्हणून केला असं लोक म्हणायचे. मी त्याला ओळखतो. त्याला डाव कळला तो आम्हीच त्याला सांगितला तेव्हा.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. वर्षभर जीव मुठीत धरून राहिलेली माणसं मोकळ्यानं बाजारात यायला लागली. त्या दिवाळीला मी सेलूला गेलो तेव्हा लोकांनी शेरवान्या पेटीच्या तळाशी घातल्या होत्या. मुलाखतीला आता कोट चालत होता, नुसता सदराही चालत होता. मला वाटलं, खुंटी रिकामी असेल. ती रिकामीच होती.

शेरवानी गादीवर बसली होती. लिंगराजनं पाडव्याच्या पूजेला ती घातली होती. त्याचं आता पोट सुटलं होतं, खांदे भरले होते, गाल वर आले होते. बाह्या बरोबर मनगटावर थांबल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या मालकाला बसली होती, आणि आता ती घालून जायला सगळ्या राज्यात एकही कचेरी उरली नव्हती.

म्हातारे झालेले मन्मथअप्पा त्याच्या मागं आले. त्यांनी पाठीवरचं कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता येईना. त्यांनी खांद्यापाशी पाहिलं, कमरेपाशी पाहिलं. कुठंच काही ढिलं नव्हतं.

"बघ माधव," ते म्हणाले, आणि यावेळी ते फक्त मलाच ऐकू गेलं. "म्हनलो होतो का न्हाई, अंगात भरंल म्हनून. त्याच्या कामाला लागल्यावर."